संत्याच्या मानेवरचे दोन दात

संत्यानं आव्हान घेतलं हीच त्याची चूक. म्हनला, "जुन्या पिच्चरातला व्हॅम्पायर नुसता टक लावून बघतो, त्याला कोन भितंय? नव्यातला बघ, डायरेक नरडं फोडतो!"

मी म्हनलो, "मग जुना एकट्यानं बघून दाव."

भर दुपारी गडी बघायला बसला अन् घोरायला लागला. मी लाल पेनानं त्याच्या मानेवर व्हॅम्पायर चावल्यागत दोन दात उठवले.

उठून आरसा बघितला अन् भ्याला. पिच्चरातला लसनाला भितो, म्हनून यानं गळ्यात लसनाची माळ घातली. त्यात संत्याच्या ताईला बघायला पावनं आल्यालं.

पावनं म्हनले, "पोराला बाहेरचं लागलंय का? मग आमाला इचार करावा लागंल."

ताई रडायच्या बेतात. मी खिशातनं पेन काढला.

"त्याला कायबी झालं न्हाई, काका. हे दात मीच पेनानं काढले. पर संत्या, जुन्या व्हॅम्पायरला भ्यालास का न्हाई?"