समुपदेशनातला उपदेश

—नाही नाही, बस ना सृष्टी, खुर्ची चावत नाही. आणि या मोबाईलकडे बघू नकोस, राहू दे चालू. माझ्या समुपदेशनाच्या कोर्सचं शेवटचं रेकॉर्डिंग आहे — मुलानं बोलायचं आणि मी ऐकायचं. आधीची दोन नापास झाली. का? तर दोन्हींत मीच बोलत होते म्हणे! आता तूच सांग, उभा जन्म पीटी शिकवलेली बाई गप्प बसेल कशी? अगं, माझी शिट्टी वाजली की येरवड्याच्या तुरुंगात कैदी आपसूक रांगेत उभे राहायचे — खोटं नाही सांगत, जेलरसाहेब नारळ घेऊन आले होते आभार मानायला. — हसलीस ना? बरं, नसशील हसली.

तर गंमत बघ — नाव समुपदेशक, पोटात चांगला गलेलठ्ठ उपदेश बसलाय, आणि पहिल्याच तासाला सांगतात, उपदेश करायचा नाही! मग करायचं काय? तर 'हं' म्हणायचं. मान हलवायची. पुण्यात राहून सल्ला द्यायचा नाही, म्हणजे नाक दाबून जगायचं. प्रात्यक्षिकाला आमच्यातले वैजनाथ सर नववीतला मुलगा झाले — मिशीसकट — आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, 'मॅडम, मला घर सोडून जावंसं वाटतं.' मी म्हणाले, 'सोलापूरकडे जाणार असशील तर स्वारगेटला उलटा कशाला जातोस? हडपसरलाच धर की गाडी.' — अगं, निघून गेलं तोंडातून! मला वाटलं, पत्ताच विचारतोय. परीक्षक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तो परत घातलाच नाही.

तुला सांगू नये, पण यंदा नापास झाले तर आपल्या मुख्याध्यापिका, नम्रता मॅडम, बाहेरून कुणी शिकलेली समुपदेशक आणणार. पीटीला तर नवे सर आलेतच. म्हणजे मी 'अतिरिक्त' — मग बदली, जिथं टाकतील तिथं. हे इंद्रजीतला सांगितलं — माझा मुलगा, बेंगळुरूला असतो — तर म्हणतो कसा, 'आई, तू आणि ऐकणार?' वर हसला. एरवी फोनवर नुसतं 'हं' म्हणतो. कोर्स न करता! मी अर्धा अर्धा तास बोलते, आणि तो — हं. मग मीच ठेवते फोन. — छे, हे तुला कशाला सांगतेय मी?

दिवाळीच्या सुट्टीनंतर तू वर्गात अक्षर बोललेली नाहीस, म्हणून तुला बोलावलंय, माझी गाऱ्हाणी ऐकायला नाही. घे, गप्प बसले. — अगदी गप्प. — पाणी हवंय का? — बरं बाई, गप्प.

— काय म्हणालीस? जरा मोठ्यानं. — हे बाबांना ऐकवणार का? नाही गं, ते नुसतं परीक्षक बाईंना — हो, परवानगीवर सही बाबांचीच आहे, पण म्हणून काय... — सृष्टी? अगं, दप्तर उचलून निघालीस कुठं? — थांब. हे बघ, रेकॉर्डिंग बंद केलं. पुसूनसुद्धा टाकलं, बघ तूच, काही उरलंय का? आता इथं तू आणि मी. हं, सांग—

कोण आहे? — नम्रता मॅडम, नाही झालं रेकॉर्डिंग. होणारही नाही. — अहो, बोलवा ना तुमच्या बाहेरच्या बाईंना, खुशाल बोलवा, पण उद्या. आत्ता दार लावून घ्या. — नाही, तुमच्या बाजूनं.