हसऱ्या तोंडांचा आकडा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आज कथेआधी प्रश्न. शिकलेल्या माणसाचं काम कोणतं? उत्तर देणं, की विचारणं?

पुढच्या रांगेतले गुरुजी म्हणतात, उत्तर देणं. बरोबर, गुरुजी, आयुष्यभर तुम्ही उत्तरपत्रिकाच तपासल्यात! मागून कोणी म्हणतं, विचारणं. कुणाला विचारायचं, कसं विचारायचं — आख्यान तिथं सुरू होतं. ऐका.

शर्वरी मगदूम नावाची एक मुलगी. एमबीए झालेली. आता तुमच्या-माझ्या डोक्यात एमबीए म्हणजे काय? बँकेतली खुर्ची, नाहीतर साबणाच्या कंपनीत विक्रीसाहेब. पण मंडळी, जग कुठल्या कुठं गेलंय. शर्वरीच्या वर्गातली एकजण कारखान्याचा धूर मोजते आणि तो कमी कसा करायचा ते मालकाला सांगते. पगार घेऊन! एकजण आकाशातून काढलेले पिकांचे फोटो बघून विमा कंपनीला सल्ला देतो. एकाची नोकरी तर अशी, की यंत्रानं दिलेलं उत्तर माणसाला पटण्यासारखं आहे का, हे दिवसभर तपासायचं. घरोघरी ही नोकरी सासवा फुकट करतात, ती गोष्ट वेगळी.

आणि शर्वरी? विट्याकडच्या एका डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात ‘रुग्ण-अनुभव व्यवस्थापक’. आई शेजारी सांगायला गेली आणि दारातच अडली. डॉक्टर आहे का? नाही. नर्स? नाही. मग करते काय? आई म्हणाली, “पेशंटला कसं वाटतं ते बघते.” शेजारीण म्हणाली, “ते तर आम्ही फुकटात सांगितलं असतं.”

हसताय? हसा. पण तिला नेमलं होतं एका गंभीर कामासाठी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली, की म्हातारी माणसं परतच येत नसत. शंभरातली एकेचाळीस. दुसरा डोळा हळूहळू अंधारात जायचा. का येत नाहीत? तीन महिन्यांत शोधा. नाही सापडलं, तर ही जागाच बंद. तीन महिने शर्वरीच्या हातात आणि नोकरी टांगणीला.

मृदंग.

बास. एवढाच. आता चूक ऐका, कारण ही चूक फक्त शिकलेलाच माणूस करू शकतो.

शर्वरीला वाटलं, लोक नाराज असतील. म्हणून तिनं दारापाशी एक टॅबलेट ठेवला. त्यावर पाच तोंडं. पहिलं रडकं, पाचवं खदखदून हसणारं. घरी जाताना सिस्टर तो समोर धरायची आणि पेशंटनं एक तोंड दाबायचं. दोन महिन्यांत सरासरी आली पाचापैकी चार पूर्णांक नऊ! विश्वस्त एवढे हरखले, की मूळ प्रश्न काय होता तेच विसरले. दवाखान्याच्या वर्धापनदिनी शर्वरीचा शाल-नारळ ठरला. सोबत कायम नोकरीचं पत्र.

आणि शर्वरी खूश? इथं कथा पुढं जात नाही, मंडळी. इथं ती मुलगी अडली. दवाखाना एवढा आवडतो, तर माणसं येत का नाहीत? आकडा हसतोय आणि बाक रिकामे. हा आकडा बोलतोय कुणाबद्दल?

(एक ओवी म्हणतो. कुणा संताची नाही बरं, आमच्या पेटीवाल्या बुवांनी दुपारी जुळवलीय. गोड मानून घ्या.)

ज्याला पाहायाचे, त्याने आधी बसावे।
उभ्याउभ्या दिसे तो भिंतीचा रंग॥

तर शर्वरी एसटीत बसली. हातात न आलेल्यांची यादी. यादीतलं पहिलं नाव तानूबाई. दुसऱ्या डोळ्याची तारीख पंधरा दिवसांपूर्वी होती, आल्या नाहीत. घर सापडलं. तानूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या, मान एका बाजूला तिरपी करून, चांगल्या डोळ्यानं.

शर्वरीनं ओळख सांगितली. तानूबाईंनी आधी चहा टाकला. दवाखान्याचं कौतुक सुरू झालं. डॉक्टर देवमाणूस, सिस्टर लेकीसारख्या, जेवण गरम. शर्वरीनं विचारलं, टॅबलेटवर काय दाबलं होतं? म्हातारी म्हणाली, “शेवटलं. हसणारं.”

“खरंच सगळं चांगलं वाटलं म्हणून?”

“आता बघ पोरी, ज्यानं डोळा दिला त्याच्या दारात उभं राहून रडकं तोंड कसं दाबायचं? आणि ती सिस्टर समोरच हुबी.”

ऐकलंत? आपल्या माणसाला तोंडावर ‘कमी’ म्हणता येत नाही. जेवण खारट झालं तरी पाहुणा म्हणतो, झकास. शर्वरीच्या पुस्तकात तोंडं पाच होती. पाहुण्याला एकच असतं, हे त्यात नव्हतं.

आणि दुसरं — ते तिला एसटीतच उमगलं होतं. टॅबलेट दारापाशी होता. म्हणजे जी आली, तिला आली त्या दिवशी विचारलं. परत आली नाही, त्या दिवशी विचारलं कुणी?

मग दुसरा डोळा का नाही केला, आज्जी? तानूबाई म्हणाल्या, एका डोळ्याचं भागतंय की. शर्वरी उठली नाही. लसणाची एक गड्डी ओढून घेतली आणि सोलायला बसली. निम्मी टोपली झाली. मग म्हातारी खाली बघूनच बोलली.

“कागदावर लिवलंय, घरचं माणूस आणा. मागल्या टायमाला लेकानं सूतगिरणीतल्या दोन पाळ्या बुडवल्या. सून काय बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. आता परत कुठल्या तोंडानं सांगू?”

मंडळी, दवाखान्याचा नियम वाईट होता का? नाही. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला एकटं सोडू नये, म्हणूनच केलेला. मायेनं केलेला नियम! आणि त्याच मायेच्या नियमाला लाजून म्हातारी घरात बसलेली. त्या दिवशी शर्वरी सहा घरं फिरली. पाच घरांत हेच निघालं, शब्द तेवढे वेगळे.

आता संकट. सोमवारी वर्धापनदिनाची सभा. टेबलावर शाल, नारळ, आणि पाकिटात पत्र. गप्प बसली तर नोकरी कायम. बोलली तर? आकडा तिनंच आणलेला. स्वतःच्याच आकड्याला खोटं म्हणायचं! तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, मोठ्यानं सांगू नका. शेजारी ओळखीचे बसलेत.

शर्वरी उभी राहिली आणि म्हणाली, “हा आकडा चुकीचा आहे. चूक माझी आहे.” आणि सहा घरांत जे ऐकलं ते सगळं सांगितलं. एक विश्वस्त चिडून म्हणाले, मग आम्ही वार्षिक अहवालात छापलेलं काय समजायचं? डॉक्टर उपाध्ये, तिथले मुख्य शल्यचिकित्सक, चष्मा पुसून पुढं झुकले. मग त्यांनी विचारलं, घरचं माणूस नाही, तर सोबत कोण येणार?

शर्वरी म्हणाली, “त्याच गावातलं, ज्याचा डोळा आधीच झालाय ते. एकदा ह्यानं त्याला आणायचं, एकदा त्यानं ह्याला.”

निकाल काय लागला? पाकीट परत गेलं. मुदत तीन महिन्यांनी वाढली, नोकरी कायम नाही. शाल कपाटात. पण डॉक्टर म्हणाले, बुधवारी करून बघू.

बुधवारी तानूबाई आल्या. सोबत त्यांच्या गल्लीतल्या हौसाबाई, दोन्ही डोळे झालेल्या, पिशवीत भाकरी घेऊन. काउंटरवरची मुलगी अडली. सोबतच्या माणसाचं नातं संगणकात भरावं लागतं, आणि यादीत मुलगा, मुलगी, पती, पत्नी, सून, जावई. हौसाबाई म्हणाल्या, “ल्ही की, शेजारीण. चाळीस वर्सं भांडतोय, आजून काय नातं पायजे?”

शर्वरीनं संगणक स्वतःकडं वळवला आणि यादीत एक ओळ वाढवली. त्या दिवशी बावीस जणांना बोलावलं होतं. सतरा आले.

पाच आले नाहीत, मंडळी. गुरुवारी शर्वरी पुन्हा एसटीत.

आता तुमच्याकडं वळतो. कीर्तन संपलं की मी विचारणार, कसं झालं बुवा? तुम्ही म्हणणार, छान झालं. दुसरं काय म्हणाल, मी समोर उभा आहे ना! पण या मंडपात जे आज आले नाहीत — तुमच्या आळीतले, तुमच्याच घरातले — त्यांना मी विचारलेलं नाही, आणि तुम्हीही नाही.

उद्या त्यांच्यातल्या एकाकडं जा. कीर्तन कसं झालं ते सांगू नका. पोथी, प्रसाद, उपदेश काही नेऊ नका. का आला नाहीत, एवढंच विचारा. पहिलं उत्तर येईल, ‘सहज, जमलं नाही.’ ते ऐकून उठू नका. काहीतरी सोलायला घ्या.

टाळ उचला आता.