ओट्यावरचा शृंगार

— न्हाई न्हाई ताई, ती विधवा न्हाई, माझी आई हाये ती, नंदाबाई, आतमधी माझ्या पोरीची, उषाची वेणी घालून राह्यली — तुम्हाला कोणी सांगलं तिला नवरा न्हाई म्हणून? कचरूकाकाचे पोरं भेटले असतील वेशीजवळ. आमच्याकडं पाव्हणे आले का त्यांना बराबर वेशीतच काम निघतं. तुम्ही बसा निवांत, चहा घ्या. माणसं आत्ताच गेले विहीर बघायला, ते काही जल्दी येत न्हाईत — आमचे मालक पाव्हण्याला सगळा बांध फिरवून आणतात, घरजावई हायेत न, त्यांना दाखवायची लई हौस. पोरगी तयार होईस्तोवर आपण बोलू. हां, तर कुंकू. ह्या वयात एवढं मोठं कुंकू, काजळ, केसाला मेण लावून बसवलेला भांग — तुम्ही उंबऱ्यातच बघितलं, अन् तुम्ही बघितलेलं मी बघितलं. सांगते न. लपवायचं काय त्यात?

माझा बाप घरी होता तवर आईनं आरशात तोंड बघितलेलं मला तरी आठवत न्हाई. पुंजाराम त्याचं नाव, माझ्या बापाचं. कापसाच्या गाड्या घेऊन जालन्याला जायचा, अन् तिकडंच रमायचा. शेत आईच्या अंगावर. डोक्याला तेल लागायचं ते सणाला. कुंकू म्हणजे बोट बुडवलं अन् टेकवलं, कपाळावर कुठं लागलं ते दुसऱ्यानं सांगायचं. बाप म्हणायचा, 'तुझ्यापेक्षा माझे बैल बरे दिसतात.' आता पोळ्याला ते दिसायचेही बरे, खोटं काहून बोलू? शिंगं रंगवलेले, गळ्यात घुंगरं. आई म्हणायची, 'मंग त्यांच्याशीच बोला.' असा त्यांचा संसार.

मंग एक दिवस तो बदनापूर ठेसनावर हैदराबादेच्या गाडीत बसला — कोण्या नवाबाच्या देवडीवर नोकरी हाये म्हणे — अन् गेला तो गेलाच. मी तवा परकर नेसत होते. निरोप न्हाई, सांगावा न्हाई. पुढं बाजारात कोणी तरी बोललं का तिकडं प्लेग आल्ता, त्यात पुंजाराम गेला. कोण बोललं? कोणालाच ठावं न्हाई. पण कचरूकाकाला, म्हणजे बापाच्या धाकट्या भावाला, बिलकुल खात्री. रडला तो. चांगला वेशीपर्यंत ऐकू जाईल असा रडला. अन् डोळे पुसून म्हणतो, वहिनीचं कुंकू उतरवा, बांगड्या फोडा, मंग शेताचं बघू. कारण कसं हाये ताई, आईला मी एकटी पोरगी. नवरा मेला का शेत दिराचं, आईला दोन भाकरी अन् वर्षाचं लुगडं. अन् नवरा जिता हाये तवर शेत नवऱ्याचं — मंग तो दिसो का न दिसो.

तवा आमच्या शेजारी भंवरीबाई राहायची, मारवाडीण, तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. ती मागच्या दारानं आली. आई चुलीपाशी बसल्ती, राखेत रेघोट्या ओढत. भंवरीबाई म्हणली, 'नंदाबाई, आमच्या मुलखात माणूस परदेशी कमवायला गेला का वर्षानुवर्षं येत न्हाई. बाई रोज सजते. ती सजली म्हणजे तो जिता. मंग कोणी विचारतच न्हाई.' आई म्हणली, 'मला न्हाई येत सजायला.' भंवरीबाईनं हात धरून उठवलं तिला. 'शेत नांगरता येतं न? मंग हे काय अवघड हाये?'

अन् तिथून सुरू झालं बघा. तुम्हाला सांगते, माझी आई ह्या गावात नवरा परागंदा झाल्यावर नटायला लागली! अन् घरात न्हाई — ओट्यावर. भर सकाळी, बाया पाण्याला जायच्या वख्ताला, दारात पाट टाकून बसायची. मी आरसा धरायचे. आधी तोंडाला हळद अन् चण्याचं पीठ सायीत कालवून. ते वाळेपर्यंत बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई — अन् नेमकं तवाच कचरूकाका समोरून जायचा, अन् ही पिवळ्या भुतासारखी त्याच्याकडं बघत बसायची. मंग धुवायचं. केसाला शिकेकाईचा वास असायचा, आदल्या दिवशी न्हालेली असली म्हणजे, तो वास मला अजून येतो, खरं सांगते, आत्ता बी येऊन राह्यला. मंग तेल, मंग कपाळाच्या वर मेण, केस हलायचे न्हाईत वाऱ्यानं. काजळ घरचंच — एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची वाटी उपडी, जमलेली काजळी लोण्यात मळायची. शेवटी कपाळाला मेणाचा गोल, अन् त्यावर पिंजर. ते कुंकू लावताना श्वास धरायची ती. चंद्रासारखं गोल यायचं. मला वाटायचं, अशी सुंदर आई अख्ख्या मोगलाईत कोणाची न्हाई. मी पोरगी, मला काय माहीत ती शेत राखून राह्यली म्हणून.

मंग एका सकाळी कचरूकाका गावातल्या चार म्हाताऱ्या घेऊन आला बांगड्या फोडायला. पाटील रामराव बी होते संगं, अन् पंच. आई अर्धी झाल्ती — एका डोळ्यात काजळ, दुसरा कोरा. म्हणली, 'थांबा, हा डोळा राह्यला.' अन् सगळे थांबले! पाटील धरून सगळे, ओट्याखाली उभे, अन् ही काजळ घालून राह्यली. घातलं, बोट पदराला पुसलं, अन् हात पुढं केला. म्हणली, 'ज्या बाईनं माझ्या नवऱ्याचं मढं बघितलं तिनं फोडाव्या. पण उद्या तो आला, तर मी त्याला तिचं नाव सांगीन का हिनं जित्या माणसाच्या बायकोला रांडव केलं.' आता सांगा, कोण हात लावणार? म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. पाटील म्हणले, 'कचरू, तू बघितलं का मढं?' कचरूकाका म्हणला, 'बघितलं न्हाई, पण तो मेला, मी आईची शपथ घेतो.' घेतली बी त्यानं शपथ, सगळ्यांसमोर. तरी कोणी बांगडीला हात लावला न्हाई. माणसं गेली, म्हाताऱ्या रेंगाळल्या. त्यातली एक हळूच विचारते, 'नंदे, काजळ एवढं काळं कसं होतं गं तुझं?'

अन् मंग — हसू नका ताई — मंग तो आलाच. मी जरा मोठी झाल्ते. बारीक दाढी, अंगात शेरवानी, अत्तराचा वास. ओट्यापाशी आला, आईकडं बघितलं अन् आमच्याच दारावरून पुढं गेला. त्याला वाटलं घर चुकलं! मंग परत आला. डोळे भरून बघितलं तिला, अन् पहिलं काय बोलला असंल? 'नवरा घरी न्हाई, अन् हा नट्टापट्टा कोणासाठी?'

आई म्हणली, 'शेतासाठी.'

तो हसला. मंग हसायचा थांबला. तिकडं त्याचा दुसरा संसार होता, ते त्यानं लपवलं बी न्हाई. आल्ता तो विहिरीचा तुकडा भावाला विकायला. कचरूकाका तर काय, भावाच्या गळ्यात पडून रडला — रडायला त्याला कारण लागतंच न्हाई. दोघं पाटलाकडं गेले, साक्षीला. आई त्यांच्या मागं गेली, अशीच, सगळी सजून. पाटलाला म्हणली, 'दादा, भाऊजींनी आईची शपथ घेऊन सांगल्तं तो मेला म्हणून. आता मेलेल्याकडून विकत घेऊन राह्यले. एक काही तरी ठरवायला सांगा.' रामराव पाटील अंगण दणाणेस्तोवर हसले. म्हणले, 'कचरू, मेलेल्याच्या अंगठ्याला मी साक्ष देत न्हाई.' बाप खाली मान घालून घरी आला. दुसऱ्या दिवशी निघाला. आईनं भाकरी बांधून दिली, ठेचा दिला. जाताना तो म्हणला, 'छान दिसतीस.' आई म्हणली, 'गाडी चुकंल.'

पण मी तुम्हाला सांगते, तो वळणावर दिसेनासा झाला तवा तिनं कोणाला न सांगता परत आरशात बघितलं. एकदाच. कसं बघितलं ते मला सांगता येत न्हाई.

तवापासून खाडा न्हाई बघा. तापात असो, पेरणीत असो, ती रोज लावती. त्याची खबर आली त्या दिवशी बी लावलं, त्या दिवशी आरसा घेतला न्हाई तिनं, नुसतं अंदाजानं लावलं, जरा तिरपं लागलं, मी म्हणले न्हाई काही—

कोणती खबर? खबर म्हणजे — खुशालीची खबर. म्हणजे — अहो, लोक येत-जात असतात हैदराबादेहून —

बरं. बसा. उठू नका अशा, आतमधी ऐकू जाईल. जाफराबादचा एक माणूस आल्ता, त्याच देवडीवर चाकरीला होता, त्यानं स्वतः खांदा दिलता. आईनं त्याला जेवू घातलं. सगळं ऐकून घेतलं, दुखणं काय होतं, शेवटी कोण होतं जवळ. तो गेल्यावर मेणाची डबी काढली. मी म्हणले, 'आई, आता काय करून राह्यली?' ती म्हणली, 'तो जिता होता तवा हे लोक मला रांडव करायला आल्ते. आता तो मेला, तर माझ्या मागं काम हाये.' बस. रडली न्हाई. कुंकू तेवढं तिरपं लागलं.

निघून राह्यल्या तुम्ही? चपला घालून? जा मंग, मी अडवत न्हाई. दिवस कसे हायेत, गावोगाव गडबड, ज्याला त्याला पोरी उजवून टाकायची घाई — आमच्या उषाला दुसरं ठिकाण भेटंल. पण एक सांगते, जाता जाता विहिरीकडं बघून घ्या. काठोकाठ पाणी हाये. तुमचे मालक आत्ता जे शेत पावलांनी मोजत असतील न, ते आईच्या त्या कुंकवावर उभं हाये. ते पुसलं का सांजच्याला कचरूकाकाचे पोरं नांगर घालतील. अन् उषाला भाऊ न्हाई ताई. म्हणजे आईनं राखलेलं शेवटी कोणाच्या घरात जाणार? तुमच्याच न?

हां. बसा. चहा थंड झाला, दुसरा टाकते —

थांबा, आई आली. हळद-कुंकू घेऊन आली, घरी आलेल्या सवाष्णीला लावायला. आई, जरा दम धर, ताईंचं अजून —

कपाळावरचा पदर मागं सरकवला का तुम्ही?

बरं. मंग थोडं खाली वाका, विहीणबाई, आई बुटकी हाये. मी आता काही बोलत न्हाई.