अठ्ठ्याऐंशी अंशांचा घन

...नाही, पण मी म्हणतो, इष्टिकाचिती? अहो, साध्या खोक्याला इष्टिकाचिती? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण एक गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं नाही, की 'मिस्त्री, अंथरुणं ठेवायला एक मोठी इष्टिकाचिती करून द्या हो!' आणि पलंगाचा गोल पाय म्हणजे वृत्तचिती! उद्या पलंग मोडला तर काय ओरडायचं, धावा धावा, वृत्तचिती निखळली?

हे सगळं मला शिकवलं ठकीनं. ठकी म्हणजे माझी नात. शाळेतलं नाव चारचौघांत मिरवण्यासारखं आहे, पण ठकी मी ठेवलेलं. मुलगा, सून आणि ती, दिवसभराच्या प्रवासाइतकी लांब राहतात. यंदा तिला भूमिती लागली आणि संध्याकाळी सातच्या ठोक्याला फोन! मी साडेसहापासून फोन साखरेच्या बरणीला टेकवून, केस विंचरून बसलेला. 'आजोबा, लघुकोन म्हणजे?' म्हटलं, 'कात्री जराशी उघड. झाला.' 'विशालकोन?' 'आरामखुर्चीची पाठ बघ.' 'आणि काटकोन?'

आता काटकोन म्हटल्यावर मी गप्प बसतो होय? म्हटलं, 'ठके, नीट ऐक. कोपऱ्याला गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचं. मधून उजेड दिसला की कोपरा नापास! दार घासतं, खण अडकतो, कपाट डुलतं... कोन चुकला की सगळं चुकलं!' माझा लहान गुण्या पाठवूनच दिला तिला. दुसऱ्या दिवशी फोन, 'आजोबा, आपल्या घरातला एकही कोपरा काटकोनात नाही!' मागून मुलगा ओरडतोय, 'बाबा, भाड्याचं घर आहे, मालकासमोर बोलेल ती!'

मग आल्या रेषा. 'रेषेला दोन्हीकडे शेवट नसतो, आजोबा. शेवट असला की तो रेषाखंड.' म्हणजे बघा, जन्मभर पेन्सिल कानावर ठेवून मी काय आखलं? रेषाखंड! 'आणि किरण एका टोकाला सुरू होतो आणि जातो तो जातोच.' म्हटलं, 'तुझ्या बापासारखा.' ती नाही हसली, पण मागे सून हसली, मी ऐकलं ना.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या फोनचं? अहो, ही गेली त्याला तीन वर्षं झाली. ही म्हणजे आमची ही. रोज केर काढताना पलंग तिरका सरकवायची आणि तसाच ठेवायची. मी रोज सरळ करायचो, वर ऐकवायचो, 'कोन चुकला की सगळं चुकलं!' ती म्हणायची, 'झोप तर तिरकीच लागते तुम्हाला.' आता तीन वर्षं पलंग भिंतीशी नव्वद अंशांत आहे. घरात सगळं गुण्यात आहे हो. हलवायलाच कुणी नाही. एकटं वाटतं... सांगून टाकतो, तुमच्यापासून काय लपवायचं?

तर, शाळेतल्या बाईंनी घनाकृतींचे सहा नमुने मागितले. आजोबा सुतार, मग काय! शंकू केला, गोल केला, तुमची ती इष्टिकाचिती केली. पण आठवड्याला एकच पाठवायचो. मुलगा म्हणे, 'बाबा, सगळे एकदम पाठवा ना.' म्हटलं, 'लाकूड वाळतंय.' कसलं वाळतंय? खडखडीत कोरडं लाकूड, माझ्यापेक्षा कोरडं! पण नमुने संपले की धडा संपला, आणि धडा संपला की सातचा फोन संपला, हे न कळायला मी काय दुधखुळा आहे?

शेवटी उरला घन. सहा बाजू सारख्या, सगळे कोपरे काटकोनात. डोळे मिटून केला असता. आणि तुम्हाला सांगतो, कुणाला बोलू नका... मी तो मुद्दाम वाकडा केला! एका बाजूला रंधा जास्त मारला, नव्वदाचा कोपरा अठ्ठ्याऐंशीवर आणला. अहो, हात ऐकेना! चाळीस वर्षांची सवय, रंधा आपोआप सरळच जायचा. दोन अंश वाकडं करायला मला अख्खी दुपार लागली! हिशेब सोपा होता. ठकी गुण्या लावणार, उजेड दिसणार, सातला फोन येणार, 'आजोबा, चुकलं!' मग मी दुसरा करणार, त्यालाही एखादा अंश... असं वर्ष काढलं असतं.

पार्सल पोचलं. सात वाजले. फोन नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस मी त्या बरणीसमोर केस विंचरून! नवव्या दिवशी मीच लावला. ठकी म्हणाली, 'आजोबा, पैकीच्या पैकी गुण!' म्हटलं, 'आणि घन?' तर हळूच, 'आजोबा... उजेड दिसला होता. मी त्या बाजूला जाड कागद चिकटवला आणि वरून रंग दिला. बाईंना कळलंच नाही.' 'अगं, मग मला फोन का नाही केलास?' 'तुम्हाला वाईट वाटलं असतं ना! बाबा म्हणाले, आजोबांचा हात हलायला लागलाय, आता त्यांना त्रास द्यायचा नाही.'

आता बोला! मुद्दाम केलं म्हणावं, तर नातीसमोर लबाड. चुकून झालं म्हणावं, तर म्हातारा! आणि पोरीनं झाकलं कुणासाठी? माझ्यासाठी! म्हटलं, 'हो गं ठके, हलतो हात जरासा.' पुढचा धडा विचारला, तर अपूर्णांक. अपूर्णांक लाकडाचे होतात का हो? नाही, तुम्हाला माहीत असलं तर सांगा...

कोन चुकला की सगळं... जाऊ दे. तुमच्यापैकी कुणाचं दार घासतंय का? खण अडकतो? येऊन बघून जाईन. कधीही बोलवा. सात वाजता बोलवा, सातला मी मोकळाच असतो.