फटफटीच्या खोडी

उत्तमराव : आणि हे मागचं चाक पाहून ठेवा. वेग घेतला की डुगडुगतं. नंतर म्हणाल, अकोल्याच्या रिटायर ओव्हरसियरनं फटफटी गळ्यात मारली.

भगवंत : उभी तं सरळ दिसून राहिली साहेब.

उत्तमराव : उभ्या वस्तू सगळ्याच सरळ दिसतात. चौदा वर्षं डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या रस्त्यांवर हिंडलो हिच्यावर. कुठं खडी पसरली, कुठं मोरी खचली, सगळं हिच्यावरून पाहिलं. सांधे गेले हो तिचे.

भगवंत : सांधे आवळून घेईन मी. मले येवढंच पाह्यजे का सकाई फुलं तोडली अन् तासाभरात अकोल्याच्या बाजारात आली. बाळापूरच्या पल्याडून येतो आमी. रातभर बइलबंडी चालते. टोपल्यातल्या टोपल्यात झेंडू मान टाकते.

मनकर्णा : मागच्या दसऱ्याले चार टोपले मोर्णा नदीत रिकामे केले. वर्साची मेहनत पान्यात. अन् दसरा आता आठ रोजावर आला.

उत्तमराव : मग बाई, ही तुमच्या कामाची नाहीच. तेल फार पिते. बाळापूरपर्यंत दोनदा उतरून तेल पाजावं लागेल.

भगवंत : बाप्पा! बइलापरीस हावरी हाय मंग.

उत्तमराव : बैल निदान शेण तरी देतो.

भगवंत : हात लावून पाहू का जरासा?

उत्तमराव : लावा की. काय पाहताय?

भगवंत : बइल घेतानी आमी पहिले पोट चाचपतो. बाजारात आनतानी पानी पाजून फुगवून आनतात लोकं. एक मिस्तरी सांगत होता, फटफटीचं बी तसंच असते. गिऱ्हाईक याच्या पहिले फिरवून आनतात अन् गरम करून ठेवतात, मंग चालू व्हाले नखरा करत नाई. हे इंजिन तं थंडगार हाय.

उत्तमराव : थंडच असणार. चार दिवसांत मी शिवलोसुद्धा नाही. आता सुरूच व्हायची नाही. दहा-बारा किका माराल, घाम निघेल, पोटरी दुखेल.

मनकर्णा : येक मारून तं पाहा.

उत्तमराव : पेट्रोल नाही.

भगवंत : हालवली तं टाकीत डबडब आवाज येते ना साहेब.

उत्तमराव : ते जुनं आहे. गाळ झाला असेल त्याचा.

भगवंत : चाल वं मनकर्णे. साहेब देवमानूस हायेत म्हून तोंडावर सांगून राहिले. चाक हालते, तेल पिते, सांधे गेले, चालू होत नाई. येका जनावरात येवढ्या खोडी आपल्याच्यानं निभनार नाई.

मनकर्णा : थांबा. तुमी त्या वट्ट्यावर बसा जरा.

भगवंत : आता काय?

मनकर्णा : साहेब, बारा वर्सं झाले मले भाजीबाजारात बसता. कधी कधी टोपल्यात चांगली कवळी वांगी असतात. मनात असते, घरी नेऊ, भरून करू. अन् गिऱ्हाईक बरोब्बर त्यायलेच हात घालते. तवा मीनं काय म्हनावं?

उत्तमराव : काय म्हणता?

मनकर्णा : "घेऊ नोको माय, आतून किडकी हायेत."

भगवंत : मनकर्णे! असं खोटं बोलतं तू बाजारात?

मनकर्णा : ताटात पडतात तवा नाई इचारत तुमी. साहेब, हे फटफटी तेल पिते म्हन्ता, पन खाली अंगनात डाग नाई. चार दिस शिवले नाई म्हन्ता, पन टाकी अशी पुसली का तिच्यात माहं तोंड दिसून राहिलं. तुमची वांगी किडकी नाईत साहेब. किती गिऱ्हाईकं लावले वाटेले?

उत्तमराव : पाच.

भगवंत : पाच!

उत्तमराव : तुम्ही सहावे. शेगावचा एक मास्तर तर मलाच धीर देऊन गेला, म्हणे भंगारवाला शोधून देतो.

भगवंत : पन मंग काहून इकून राहिले? ठेवा ना घरी.

उत्तमराव : डोळे हो. दोन्हींत मोतीबिंदू. मागच्या महिन्यात पुलावर समोर हातगाडी होती, मला दिसलीच नाही. केळी होती, चिखल झाला, सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मनात आलं, केळ्यांच्या जागी एखादं पोर असतं तर? तेव्हापासून आमच्या बायकोचा एकच धोशा आहे. एक तर फटफटी जाईल, नाही तर मी जाईन लेकीकडं अमरावतीला.

मनकर्णा : बाई खरं बोलल्या.

उत्तमराव : खरंच बोलली. मलाही रोज सकाळी पटतं. पण गिऱ्हाईक दारात आलं आणि त्यानं हिच्यावर हात ठेवला की माझ्या तोंडातून आपोआप खोडी निघतात. जीव तुटतो हो, काय लपवायचं तुमच्यापासून.

भगवंत : मीनं दोन साल पहिले पवळ्या बइल इकला. हिवरखेडले दिला, चांगल्या घरी. तरी बी तीन दिस घास गेला नाई. हे कोनाले सांगता बी येत नाई. लोकं म्हन्तात, ढोरच होतं ना.

उत्तमराव : तेच तर. आणि माझं तर ढोरही नाही, लोखंड आहे.

मनकर्णा : लोखंड असो नाई तं काई असो. तुमी मारा बरं येक किक. खरं काय थे आमालेबी पाहू द्या.

उत्तमराव : मी नाही, यांना मारू द्या. या इकडं. हे बटण दाबून धरा, बोट पेट्रोलनं ओलं होईपर्यंत. लागलं? आता डाव्या हाताची ही कळ आवळा. पायानं हळू खाली न्या. कळ सोडा. आता मारा, भिऊ नका.

(पहिल्याच किकेला फटफटी सुरू होते.)

भगवंत : आयकलं का वं! येका दणक्यात!

उत्तमराव : होणारच! चौदा वर्षं अशीच होते! चाकाला काही झालेलं नाही! तेलही बेतानंच पिते! भोंगा तेवढा पावसात बसतो, ती एक खोड खरी!

मनकर्णा : भोंगा काहाले पाह्यजे? हिचा आवाज आयकून ढोरं आपोआप बाजूले होतीन!

भगवंत : साहेब, तुमी सांगतली थे किंमत मले मान्य हाय. पन येक अडचन हाय. धामनगावले कापसाच्या जिनात कामाले होतो तवा मुनीमजीची फटफटी चालवत होतो, पन थे नवी होती अन् हिची सवय मले नाई. बाळापूरच्या बाजारातून न्या लागन.

मनकर्णा : त्यात काय? साहेब बसतीन मांगं. तुमी चालवा, थे सांगतीन. मी मोटरीनं येतो. साहेबाले सकाई फुलांच्या टोपल्यासंगं घरी आनून सोडा.

उत्तमराव : मी? मागं?

मनकर्णा : काहून? मांगं बसले तं दिसलं नाई तरी चालते.

भगवंत : अन् दर बाजाराले मी अकोल्यात येईनच. येकदा दारात उभी करत जाईन. तुमी तेलपानी पाहा, मले चार गोष्टी सांगा. मले बी धीर राहीन.

उत्तमराव : दर बाजाराला?

भगवंत : शब्द हाय माहा.

उत्तमराव : थांबा, डोक्याला फडकं बांधतो. हं. सरका पुढं. अजून थोडे. बसलो. नाही, नाही, सोडू नका, थांबा.

भगवंत : आता कोनती खोड निघाली साहेब?

उत्तमराव : खोड नाही हो. हात कुठं ठेवायचे ते कळेना. अगं, ऐकलंस का? जरा बाहेर ये. इतकी वर्षं माझ्या मागं बसलीस, तू धरायचीस कुठं गं?