पेटीवरचं तुवालू

गड्या, आमच्या आबांची पेटी तू बघितली होतीस का? आबा रिटायर फौजी. थोरल्या दादाला तुवालू नावाच्या लांबच्या इवल्याशा बेटांच्या देशात बंदराच्या कामावर नोकरी लागली. त्यानं मोबाइलवर नकाशा दाखवला, तर सगळा निळा समुद्रच.

आबा म्हणाले, "नकाशात दिसंना, तर पेटीवर तरी ठळक लिवाय पायजे."

फौजी लोक बदली झाली की पेटीवर नाव आणि ठिकाण रंगवतात. आबांनी आपली काळी लोखंडी पेटी काढली, जुनं 'जम्मू' खरवडलं आणि पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहिलं, 'तुवालू'.

दादा वैतागला. "आवं आबा, विमानात पेटी कोण नेतं? लोक हसतील!" तो चाकाची बॅग घेऊन गेला. पेटी घरातच राहिली.

आईनं पेटीत बाजरी भरली. बाजरी कुठाय विचारलं, की ती म्हणायची, "तुवालूत हाय."

यंदा आबा गेले, तेव्हा दादा आला. जेवताना म्हणाला, "भाकरी लय गोड लागतीया. बाजरी कुठली?"

आई सवयीनं म्हणाली, "तुवालूतली."

दादाचा घास हातातच राहिला. जायच्या दिवशी त्यानं स्वतः पेटी रिकामी केली.

आता आमची बाजरी चाकाच्या बॅगेत असते.