वासराच्या रक्तावाचून वाढलेल्या पेशी

‘पेशींना रविवार नसतो,’ असं माझे मार्गदर्शक फार वर्षांपूर्वी मला म्हणाले होते. अध्यक्ष उदयसिंह सर, व्यासपीठावरचे मान्यवर, शिरोळहून आलेल्या आदितीच्या आई राजमतीताई आणि आपल्या कोल्हापूरच्या कर्करोग संशोधन केंद्रातले माझे सहकारी, आधी आपली नावं घ्यायची, तर ते वाक्यच तोंडात आलं. तेव्हा वाटलं होतं, सर कामाबद्दल बोलतायत. पुढं रविवार गेले, सण गेले, मैत्रिणींनी बोलावणंही सोडलं.

असो. आजचा दिवस माझ्या विद्यार्थिनीचा, आदितीचा. तिला तरुण संशोधक पुरस्कार कशासाठी मिळाला? राजमतीताई पहिल्यांदा प्रयोगशाळा बघायला आल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं, की रुग्णाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी आम्ही काढून घेतो, त्यांना कर्करोगाची गाठ ओळखायला शिकवतो आणि वाढवतो. त्या पुन्हा त्याच रुग्णाला द्यायच्या असतात.

‘आणि अक्का, वाढाय त्या खात्यात काय?’

‘वासराच्या रक्तातलं सीरम.’

ताई लेकीकडं वळल्या. ‘दिवस मावळल्यावर तू पाणी बी पीत न्हाईस, आणि ह्यास्नी रक्त पाजतीस व्हय?’

आम्ही सगळे हसलो. आदिती सोडून. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी उभी. ‘मॅडम, सीरमशिवाय वाढवून बघू?’

‘मरतील गं.’

‘मरू देत की. परत लावतो.’

मेल्याच. कितीदा, ते विचारू नका. पण शेवटी तिनं जे खाद्य जमवलं, त्यावर पेशी जगल्या, आणि काचेच्या ताटलीत गाठीशी पूर्वीपेक्षा जास्त दिवस लढल्या. मार्गदर्शक म्हणून आज माझंही कौतुक झालं. खरं तर मी फक्त ‘मरतील’ म्हटलं होतं.

ती दिवस मावळायच्या आत जेवते, म्हणून मीही तिच्याबरोबर खिडकीपाशी डबा उघडू लागले. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. भाकरी तिची, भाजी माझी, आणि भांडण पेशींवरून. मागं ती बंगळुरूला मुलाखतीला गेली होती. मी सवयीनं डबा उघडला, समोर रिकामी खुर्ची. झाकण लावून टाकलं. त्या दिवशी जेवण राहूनच गेलं.

पुरस्काराबरोबर तिला स्वतंत्र प्रयोगशाळा मिळणार आहे. ती कुठल्या संस्थेत, हे तिनं सोमवारी कळवायचं आहे. बंगळुरूनं बोलावलंय. या पेशी रुग्णांना देण्याची सोय तिथं आहे, आपल्याकडं अजून नाही. तिची शिफारस मीच केली, मनापासून केली.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि आता जे बोलणार आहे, तेही घाला, कारण मार्गदर्शकानं हे बोलू नये. आदिती, कोल्हापूरचं नाव कळव. मान हलवू नकोस, दिसलं मला. तू नाही म्हणणार, आणि म्हणावंसच. तरी विचारते. राहतेस?